वाइन सेलरच्या भिंती आणि लाकूड: कुठे काय लावायचं, आणि कुठे काहीच नाही

वाइन सेलर ही घरातली अशी खोली आहे, जी मुद्दाम थंड आणि मुद्दाम दमट ठेवली जाते. तापमान 12 ते 14 अंश सेल्सिअस, हवेतली आर्द्रता 60 ते 70 टक्के. बुचं सुकू नयेत म्हणून ही आर्द्रता लागते, आणि तीच रंग, पुट्टी, प्लायवूड, पॉलिश या सगळ्यांची परीक्षा बघते. शिवाय खोली कायम बंद असते. दिवाणखान्यात रंगकाम झाल्यावर चार दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या की वास जातो. सेलरला खिडकीच नसते, आणि थंडाव्यात रंगातले वास सुटायला वेळही जास्त लागतो.

त्यामुळे शेड कार्ड हातात घेऊन सुरुवात करू नका. आधी भिंतीच्या पोटात काय आहे ते बघायचं, मग ओल, मग वास, मग टिकाऊपणा. रंगछटा सगळ्यात शेवटी. नवखे लोक नेमकं उलटं करतात आणि सुंदर दिसणारी, पण वास मारणारी खोली तयार होते.

पहिली पायरी: तुमचा सेलर कुठल्या जातीचा?

दोन प्रकार आहेत आणि दोघांचे नियम वेगळे.

पहिला म्हणजे जमिनीखालचं, मुळातच थंड असलेलं दगडी किंवा विटांचं तळघर, जिथे यंत्राने गारवा करावा लागत नाही. इथे भिंत थोडा ओलावा घेते, थोडा सोडते. तिला श्वास घेऊ देणं हेच मुख्य काम.

दुसरा म्हणजे घरातल्या एखाद्या खोलीत कूलिंग युनिट बसवून केलेला सेलर. हल्ली बहुतेक सेलर याच प्रकारचे असतात आणि चुकाही इथेच होतात. समजा बाहेरच्या खोलीतली हवा 28 अंशांवर आहे आणि आर्द्रता 70 टक्के. या हवेचा दवबिंदू साधारण 22 अंश येतो. म्हणजे 22 अंशांपेक्षा थंड पृष्ठभाग सापडला की ती तिथे पाणी सोडणार. सेलरची आतली बाजू 13 अंशांवर आहे. मधल्या भिंतीतून वाफ आत शिरली तर हे पाणी भिंतीच्या पोटातच साचतं, तुम्हाला दिसतही नाही. काही महिन्यांनी रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, आणि दोष रंगाला दिला जातो.

उपाय रंगाच्या डब्यात नसतो. इन्शुलेशनच्या उबदार बाजूला, म्हणजे सेलरच्या बाहेरच्या बाजूला, वाफ अडवणारा थर लागतो. साधारण 0.15 मिलिमीटर जाडीचं पॉलिथिन, सांधे नीट चिकटवून, भिंती आणि छत दोन्हीकडे. किंवा बंद पेशींचा पॉलियुरेथेन फोम फवारतात. पुरेशा जाडीत तो इन्शुलेशनही होतो आणि वाफही अडवतो.

आता फिनिशच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. बाहेरून वाफ अडवली असेल तर आतल्या बाजूने भिंत बंद करायची नाही. व्हिनाइल वॉलपेपर, इपॉक्सी, रबरासारखा जाड वॉटरप्रूफ कोट, यातलं काही आत लावलं की भिंत दोन्हीकडून बंद होते. मध्ये चुकून शिरलेल्या ओलाव्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. ‘दमट खोली आहे, मग वॉटरप्रूफ रंग मारून टाकू’ हा सल्ला ऐकायला बरोबर वाटतो. या प्रकारच्या सेलरमध्ये तो चुकीचा आहे.

आणखी एक. जिप्सम प्लास्टर, पीओपी आणि साधा जिप्सम बोर्ड इथे नको. ओलावा सहन करणारा जिप्सम बोर्ड किंवा त्याहून बरा सिमेंट बोर्ड घ्या. दगड किंवा टाइल चिकटवायची असेल तर सिमेंट बोर्डच.

दुसरी पायरी: ओल तपासा

दीड फूट लांब, दीड फूट रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवा आणि चारी कडा टेपने घट्ट बंद करा. एक-दोन दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतली हवा थंड भिंतीवर पाणी सोडते आहे. दोन्ही आजार वेगळे, औषधं वेगळी. जमिनीवर आणि बाहेरच्या बाजूच्या प्रत्येक भिंतीवर ही चाचणी करा, एकाच जागी करून समाधान मानू नका.

भिंतीवर पांढरी, खारट पूड दिसली तर तो लोणा. भिंतीतून येणारं पाणी वाटेतले क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतलं तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. लोणा येत असेल तोवर वर काहीही लावू नका. आधी पाणी कुठून येतं ते शोधा.

तिसरी पायरी: भिंतीचा फिनिश

दगडी किंवा विटांची भिंत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: चुना. चुन्याचा गिलावा किंवा नुसती चुन्याची सफेदी. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला तो मानवत नाही. तो वाफेला आरपार जाऊ देतो. आणि पक्का होताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा दगड बनतो, त्यात सॉल्व्हंटचा, म्हणजे थिनरसारख्या उडून जाणाऱ्या द्रावकाचा, वास येण्याचा प्रश्नच नाही. वाइनच्या शेजारी ठेवायला याहून निरुपद्रवी फिनिश मिळणं कठीण.

सफेदी करताना भिंत आधी पाण्याने ओलसर करून घ्या. चुना दुधाइतका पातळ हवा. पहिला हात मारल्यावर वाटेल की काहीच लागलं नाही, भिंतीवर नुसतं गढूळ पाणी फिरवलं आहे. घाबरून जाड थर देऊ नका. सुकत जाईल तशी ती पांढरी होते. जाड थराला तडे जातात आणि तो सुटतो. पातळ तीन ते पाच हात, प्रत्येक हातामध्ये साधारण एक दिवस. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, चुना डोळ्यात जाणं ही साधी गोष्ट नव्हे. आणि हे लक्षात ठेवा की आधी प्लास्टिक इमल्शन मारलेल्या भिंतीवर चुना धरत नाही. बोर्डवरही खास खनिज प्रायमरशिवाय नाही. सफेदीचा एक दोष मान्य करायला हवा: अंग घासलं तर कपड्यांना थोडी पूड लागते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी रॅकमागच्या भिंतींना सफेदी आणि वावरायच्या बाजूला चुन्याचा घोटलेला गिलावा असं करावं.

बोर्डच्या भिंतींना सोपा पर्याय म्हणजे पाण्यावर आधारित अॅक्रिलिक इमल्शन, कमी व्हीओसीचं, मॅट किंवा हलक्या चमकेचं. व्हीओसी म्हणजे रंगातून हवेत उडणारी सेंद्रिय रसायनं. युरोपीय संघाने 2010 पासून घरातल्या पाण्यावर आधारित मॅट भिंत-रंगांसाठी लिटरमागे 30 ग्रॅमची मर्यादा घातली आहे. डबा निवडताना हा आकडा मोजपट्टी म्हणून धरा, त्याहून कमी मिळाला तर उत्तम. इथे एक खाच आहे. डब्यावरचा आकडा बहुधा पांढऱ्या बेसचा असतो. दुकानात मशिनवर त्यात रंगद्रव्यं मिसळतात, त्यांच्यामुळे व्हीओसी वाढू शकतं, आणि गडद छटेला ती जास्त लागतात. गडद वाइन-लाल भिंतीचा मोह होत असेल तर रंगद्रव्यंही कमी व्हीओसीची आहेत का, हे विचारून घ्या.

नवा सिमेंटचा गिलावा असेल तर रंगाआधी साधारण चार आठवडे थांबा आणि अल्कली सहन करणारा प्रायमर लावा. घाईत मारलेला रंग भिंतीतल्या क्षारांमुळे डागाळतो.

दगडाचं किंवा विटांचं क्लॅडिंग छान दिसतं आणि दमटपणा त्याला काही करत नाही. वजन मात्र तपासा आणि सांध्यांत सिमेंटचा माल भरा. दगडावर ‘ओला दिसणारा’ चकचकीत सीलर मारू नका. त्यातले बरेच सॉल्व्हंटवर आधारित असतात. धूळ झडू नये म्हणून काही लावायचंच असेल तर पाण्यावर आधारित, वाफ जाऊ देणारा, मॅट सीलर. कापड लावलेल्या भिंती, वॉलपेपर आणि गालिचा यांच्याबद्दल एवढंच: नको.

चौथी पायरी: लाकूड

13 अंश आणि 65 टक्के आर्द्रतेत लाकडातला ओलावा कालांतराने 12 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. भट्टीत वाळवून 8 टक्क्यांवर आणलेलं लाकूड तुम्ही घट्ट सांधे करून बसवलंत तर ते आत गेल्यावर फुगणार. फळ्या एकमेकींना ढकलतील, पॅनेल पोट काढेल. उलट ओलं लाकूड आत गेलं तर आक्रसेल आणि सांधे उघडतील. सुताराकडे ओलावा मोजायचं मीटर असेल तर 10 ते 12 टक्के मागा, आणि पॅनेलच्या फळ्यांमध्ये जागा सोडायला सांगा.

जात निवडताना नाक पुढे ठेवा. महोगनी, सॅपेली, ओक, अक्रोड, रेडवूडचं गाभ्याचं लाकूड, ही सगळी चालतात. बीच दिसायला सरळ आणि मजबूत, पण ओलाव्याने बरंच फुगतं-आक्रसतं. पाइन स्वस्त पडतं, मात्र गाठींमधून राळ झिरपते आणि वासही येतो. सुगंधी सीडर टाळा. कपड्यांच्या कपाटात जो वास हवासा वाटतो तोच इथे बुचांच्या शेजारी वर्षानुवर्षं बसून राहील. साग उत्तम, फक्त त्याच्या अंगच्या तेलामुळे फिनिश नीट धरत नाही. लावायच्या अगदी आधी अॅसिटोनच्या फडक्याने पुसून घ्यावा लागतो.

ओकबद्दल एक बारीक गोष्ट. त्यात टॅनिन भरपूर असतं आणि लोखंडाशी त्याची गाठ पडली की निळा-काळा डाग उठतो. दमट सेलरमध्ये साध्या लोखंडी स्क्रूभोवती आधी शाईचा थेंब पडावा तसं काळं कडं दिसतं, मग ते रेषेच्या दिशेने लांब पसरतं. खरवडून जात नाही, खोलवर उतरलेलं असतं. स्क्रू, खिळे, ब्रॅकेट सगळं स्टेनलेस स्टीलचं घ्या. घासण्यासाठी स्टील वूलही वापरू नका, त्याचे तुटलेले तंतू लाकडात अडकून हाच उद्योग करतात.

एमडीएफ आणि साधा पार्टिकल बोर्ड टाळाच. कडा फुगतात आणि त्यातल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा झोंबणारा वायू सुटत राहतो. प्लाय लागलाच तर मरीन प्लाय, आणि कापलेल्या सगळ्या कडा बंद केलेल्या.

जुन्या लाकडाचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण जुन्या तुळया, पेट्या, पॅलेट यांपासून रॅक बनवायची हौस बऱ्याच जणांना असते. वाइनला ‘बुचाचा वास’ लागतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा. त्यामागचा मुख्य गुन्हेगार ट्रायक्लोरोअॅनिसोल, म्हणजे टीसीए, हे 1980च्या दशकाच्या सुरुवातीला स्विस संशोधकांनी दाखवून दिलं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यावरही तो नाकाला कळतो. तो तयार होतो बुरशीमुळे: क्लोरोफिनॉल वर्गातली रसायनं समोर आली की काही बुरशा त्यांचं अॅनिसोलमध्ये रूपांतर करतात. आणि क्लोरोफिनॉल कुठे असायचं? लाकूड टिकवण्यासाठी पूर्वी सर्रास वापरल्या गेलेल्या औषधांत. ब्रोमीनवर आधारलेला त्याचा भाऊबंद टीबीए याच मार्गाने येतो. काही वायनरींना लाकडी छत आणि तुळया काढून टाकाव्या लागल्या, त्या याच कारणाने. बंद बाटलीला धोका उघड्या पिंपापेक्षा कमी आहे, हे खरं. पण बंद, दमट खोलीत हा पाहुणा एकदा शिरला की हाकलणं फार कठीण.

म्हणून ज्याचा इतिहास माहीत नाही असं लाकूड आत नको. पॅलेटवर ‘एचटी’ असा शिक्का असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर किमान 30 मिनिटं तापवलेलं असतं, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. पण ‘एचटी’ असलं तरी त्या पॅलेटवर पुढे काय सांडलं, हे शिक्का सांगत नाही. वाळवीविरोधी औषध लावलेलं नवं लाकूड घेतानाही त्यात काय आहे ते लेखी मागा. याच कारणासाठी सेलरमध्ये कधीही क्लोरीनच्या ब्लीचने साफसफाई करू नका. बुरशी दिसली तर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा आणि जागा कोरडी करा.

पाचवी पायरी: लाकडाला काय लावायचं

आधी हा प्रश्न विचारा: लावायलाच हवं का? महोगनी किंवा रेडवूडच्या आतल्या रॅकना, जिथे बाटल्या आडव्या पडून राहतात, काहीही न लावणं हा अगदी प्रतिष्ठित पर्याय आहे. 220 नंबरच्या पॉलिश पेपरने नीट घासा, कडा गोल करा, पुसा, झालं. वास नाही, देखभाल नाही, आणि लेबल चिकटायची भीती नाही. मी स्वतः दर्शनी पट्ट्या, दारं आणि टेबल यांनाच फिनिश द्या असं म्हणेन. तिथे हात लागतात आणि वाइन सांडते.

द्यायचाच असेल तर पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन किंवा अॅक्रिलिक लॅकर, मॅट. पाण्यामुळे लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसा, सुकू द्या, मग 220 ने हलकं घासा. पहिल्या हातानंतर 320 ने पुन्हा. दोन ते तीन हात पुरे. आणि फळीच्या सहाही बाजूंना सारखाच फिनिश द्या, भिंतीकडच्या न दिसणाऱ्या बाजूलासुद्धा. कापलेल्या टोकांना एक हात जास्त, कारण पाणी सगळ्यात जलद तिथूनच शिरतं. एकाच बाजूला पॉलिश केलेली रुंद फळी दमट खोलीत हमखास वाकते. सुतार ‘मागची बाजू कोण बघतंय’ म्हणाला तर त्याला हे कारण सांगा.

बाकीच्यांचा हिशेब थोडक्यात. सॉल्व्हंटवर चालणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आणि तैलयुक्त वार्निश आठवडेन्‌आठवडे वास सोडतात. मेलामाइन पॉलिश अॅसिडच्या हार्डनरने घट्ट होतं आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड निघतं. टू-पॅक पीयू, म्हणजे दोन डब्यांतलं मिसळून लावायचं पॉलियुरेथेन, कडक आणि सुंदर बसतो, पण ते काम कार्यशाळेतच स्प्रेने करून, पूर्ण पक्कं झाल्यावर आत आणायचं. लाखेच्या पॉलिशचा वास स्पिरिटबरोबर लवकर उडतो, राळ आणि गाठी बंद करायला ते फारच उपयोगी. मात्र वरचा थर म्हणून दमट हवेत पांढरट पडतं. जवसाचं तेल लाकडाला सुरेख उठाव देतं, पण सुकायला फार वेळ घेतं आणि दमटपणात त्यावर बुरशी धरते. शिवाय तेलाची फडकी गोळा करून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. वापरलंच तर फडकी मोकळ्या जागी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

सहावी पायरी: क्रम आणि वेळ

रंगारी, सुतार आणि कूलिंगवाला हे तिघं एकाच आठवड्यात येऊ देऊ नका. क्रम असा: वाफरोधक थर आणि इन्शुलेशन, बोर्ड, भिंतीचा फिनिश, मग जमीन, मग बाहेरच पॉलिश करून आणलेले रॅक, आणि शेवटी कूलिंग सुरू.

बहुतेक पाण्यावर आधारित रंगांना लावताना किमान 10 अंश तापमान लागतं, आणि 20 ते 25 मध्ये ते खरे खुलतात. थंड सेलरमध्ये रंगकाम केलं तर वरून सुकल्यासारखं दिसतं, आतून मऊच राहतं. हाताला सुकणं आणि पक्कं होणं यात मोठा फरक आहे. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेनला दुसरा हात दोन-तीन तासांत देता येतो, पण ते पूर्ण पक्कं व्हायला तीन-चार आठवडे जाऊ शकतात. या काळात दार सताड उघडं, पंखा चालू, आणि कूलिंग बंद.

सातवी पायरी: आधी नाक, मग बाटल्या

चार आठवडे झाले की दार बंद करून दोन दिवस ठेवा. तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा-कॉफीच्या आधी, दार उघडून लगेच वास घ्या. पहिल्या दोन श्वासांतच खरं काय ते कळतं, नंतर नाक सरावतं. घरातल्या दुसऱ्या कुणालाही घ्यायला लावा, ज्याने रंगकाम रोज पाहिलेलं नाही. रंगाचा वास आला तर पुन्हा पंखा लावा आणि आणखी एक आठवडा थांबा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा मातकट वास आला तर पंख्याने भागणार नाही, ओल किंवा लाकूड शोधावं लागेल.

वास नसेल तर कूलिंग सुरू करा, तापमान आणि आर्द्रता स्थिर होऊ द्या, आणि एक रिकामी, लेबल लावलेली बाटली फिनिश दिलेल्या पट्टीवर आडवी ठेवा. भरलेल्या बाटलीचं वजन यावं म्हणून तिच्यात पाणी भरून बुच लावा. आठवड्याने उचला. लेबल सुटताना बारीक ‘चर्र’ आवाज आला किंवा पट्टीवर कागदाचे तंतू राहिले, तर पॉलिश अजून कच्चं आहे. तसं काही झालं नाही तर आधी साध्या बाटल्या लावा, जपून ठेवायच्या बाटल्या महिनाभराने.